करड्या खारी, कोवळी वने आणि सापळ्यांचा प्रश्न

बीचचे झाड वीस-पंचवीस वर्षांचे झाले तरी त्याची साल पातळ आणि गुळगुळीत असते. मे महिन्यात खोडात रस चढतो. अशा वेळी करडी खार बुंध्याशी किंवा फांदीच्या बेचक्यात बसते, सालीला दात लावते, पट्ट्या सोलून खाली टाकते आणि आतला ओलसर थर खरवडून खाते. घाव खोडाच्या एका बाजूपुरता राहिला तर झाड जगते. पण तिथून बुरशी शिरते आणि ते लाकूड इमारतीच्या कामाचे राहत नाही. साल चहूबाजूंनी सोलली गेली, तर त्यावरचा भाग वाळतो आणि एखाद्या वादळात शेंडा मोडून पडतो. ब्रिटनमध्ये दहा ते चाळीस वर्षे वयाच्या ओक, बीच, सिकॅमोर, बर्च, स्वीट चेस्टनट या झाडांची दर उन्हाळ्यात हीच गत होते. रॉयल फॉरेस्ट्री सोसायटीने २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे एकट्या इंग्लंड आणि वेल्समधले हे नुकसान वर्षाला किमान ३ कोटी ७० लाख पौंडांचे आहे.

एवढे नुकसान करणारा हा प्राणी तिथला नाही. करडी खार मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली. १८७६ मध्ये थॉमस ब्रॉकलहर्स्ट यांनी चेशायरमधल्या हेनबरी पार्क या आपल्या इस्टेटीवर ती सोडली, ही ब्रिटनमधली तिची पहिली खात्रीलायक नोंद. पुढे १८९० पासून बेडफर्डच्या ड्यूकने वोबर्न इथे तिची पैदास वाढू दिली आणि तिथून अनेक ठिकाणी जोड्या पाठवल्या. बागेत शोभेला एक चपळ, धीट प्राणी, यापलीकडे त्यात कोणाचा हेतू नव्हता. १९३७ मध्ये करडी खार आयात करण्यावर आणि पाळण्यावर बंदी आली, तोवर ती निम्म्या इंग्लंडभर पसरली होती. आज ब्रिटनमध्ये सुमारे २७ लाख करड्या खारी आहेत. मूळच्या तांबड्या खारी तीन लाखांच्या आत उरल्या आहेत आणि त्यांतल्याही बहुतेक स्कॉटलंडमध्ये. करडी खार पाचशे-सहाशे ग्रॅमची, तांबडी त्याच्या निम्म्याने. कच्चे ओकफळ करडीला पचते, तांबडीला तितके पचत नाही. शिवाय करडी खार स्क्विरलपॉक्सचा विषाणू अंगावर बाळगून धडधाकट राहते. तांबडीला तो झाला की डोळे, तोंड, पंजे यांवर खपल्या धरतात आणि साधारण पंधरवड्यात ती मरते. मर्सीसाइडच्या किनाऱ्यावरच्या फॉर्म्बी इथे २००८ मध्ये या साथीने तांबड्या खारींची जवळजवळ सगळी वस्ती संपवली होती.

म्हणजे प्रश्न दुहेरी आहे: झाडे वाचवायची आणि तांबडी खार टिकवायची. दोन्हींसाठी करड्या खारींची संख्या कमी ठेवावी लागते. पण कशी, हा वाद शंभर वर्षे चालू आहे.

सरकारने आधी बक्षिसाचा मार्ग धरला. १९५३ ते १९५८ या काळात करड्या खारीच्या प्रत्येक शेपटीला एक शिलिंग आणि पुढे दोन शिलिंग मिळत. दहा लाखांहून अधिक शेपट्या जमा झाल्या, पैसा गेला आणि खारी होत्या तितक्याच राहिल्या. कारण उघड आहे. शेपटीवर पैसे मिळणारा माणूस जिथे खारी सहज सापडतात तिथे जातो. कोवळ्या झाडांचे रान त्याच्या वाटेत नसेल तर तिथे तो फिरकतही नाही आणि शेवटची जोडी संपवण्यात तर त्याचा काहीच लाभ नसतो. त्यानंतर विषाचा काळ आला. १९७३ च्या आदेशाने वॉर्फरिन लावलेला गहू, तांबड्या खारी नसलेल्या भागांत, खास बनवलेल्या डब्यांतून ठेवायला परवानगी मिळाली. वनमालकांना ते सोयीचे होते, कारण आठवड्यातून एकदोनदा डबे भरले की काम भागे. पण वॉर्फरिनने खार आतल्या रक्तस्रावाने हळूहळू मरते, आणि सांडलेला गहू कोण खाईल याची खात्री नसते. २०१५ च्या सप्टेंबरअखेर त्याची परवानगी संपली. तेव्हापासून ब्रिटिश वनमालकांच्या हाती मुख्यतः दोनच साधने आहेत, बंदूक आणि सापळा. हिवाळ्यात पाने झडल्यावर घरटी हलवून बाहेर आलेल्या खारी टिपतात, खाद्य ठेवलेल्या जागी दबा धरूनही टिपतात. मोठ्या वनात मात्र मुख्य भार सापळ्यावरच पडतो.

सापळ्यांचे दोन वर्ग आहेत. पहिला जिवंत पकडणाऱ्या जाळीच्या पिंजऱ्यांचा, दुसरा जागीच मारणाऱ्या चापांचा.

एकेरी पिंजरा आपल्याकडच्या उंदराच्या पिंजऱ्याचा मोठा भाऊ म्हणावा असा असतो. सुमारे दोन फूट लांब, पोलादी जाळीचा. आतली पट्टी पायाखाली दबली की दार पडते. एका वेळी एकच खार. बहुपकडी पिंजऱ्यात दार आत ढकलले जाते, बाहेर उघडत नाही, त्यामुळे एकामागून एक तीन-चार खारी सापडू शकतात. दाट खारींच्या मोठ्या वनात तो कामाचा, पण जड असतो. शिवाय एकत्र कोंडलेल्या खारी एकमेकींना चावतात. फार अनुभव नसलेल्या माणसाने एकेरी पिंजऱ्यापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

पिंजरा लावण्याचे तंत्र बाहेरून वाटते त्यापेक्षा नाजूक आहे. जागा निवडताना मोठ्या झाडाचा कोरडा, सपाट बुंधा पाहतात. पायवाटेपासून दूर, कारण फिरायला येणारी माणसे पिंजरे उघडतात किंवा उचलून नेतात. पिंजरा डगमगला की खार आत पाऊल टाकत नाही, म्हणून तो जमिनीत पक्का बसवावा लागतो. वरून आणि बाजूंनी ओंडके, फांद्या, नेचे रचून झाकतात. त्याने पाऊस अडतो, ऊन अडते आणि अडकलेल्या जनावराला आडोसा मिळतो. आमिष म्हणून अख्खा पिवळा मका सर्वांत बरा ठरला आहे. तो लांबून दिसतो, आणि छोट्या पक्ष्यांना व उंदरांना गव्हाइतका किंवा सूर्यफुलाच्या बियांइतका रुचत नाही. पहिले काही दिवस दार तारेने उघडे बांधून मका आत आणि तोंडाशी पसरून ठेवतात. खारी बिनधास्त आत-बाहेर करू लागल्या, मका रोज संपू लागला, की मग तार काढून दार चढवतात. इथे घाई केली की सगळे बिघडते. पहिल्याच दिवशी दार चढवले, तर धीट अशा एकदोन खारी सापडतात आणि बाकीच्या पिंजऱ्याकडे फिरकत नाहीत.

दार एकदा चढवले की जबाबदारी सुरू होते. दिवसातून किमान दोनदा, सकाळी आणि अंधार पडण्यापूर्वी, प्रत्येक पिंजरा पाहावाच लागतो. आत ब्लॅकबर्ड पक्षी असेल, हेजहॉग असेल, तांबडी खार असेल. त्यांना तिथल्या तिथे सोडायचे. तांबड्या खारींच्या भागात पिंजरा एका जागेहून दुसरीकडे नेण्यापूर्वी जंतुनाशकाने धुवायचा, नाहीतर जे वाचवायला गेलो त्यांनाच आपल्या हाताने स्क्विरलपॉक्स पोचवला असे होते. आणि आत करडी खार असेल तर ती सोडायची नाही. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने करडी खार रानात सोडणे गुन्हा ठरवले आहे. २०१९ च्या आक्रमक परदेशी जातींसंबंधीच्या आदेशाने तर जखमी खारींवर उपचार करून त्यांना सोडणाऱ्या संस्थांनाही ते बंद झाले. आपल्याकडे माकड, उंदीर, साप पकडून लांब नेऊन सोडण्याची सवय आहे. ब्रिटनमध्ये करड्या खारीबाबत ती पळवाट नाही. पिंजऱ्यात सापडलेली करडी खार मारावीच लागते, आणि ती कशी मारायची हे पिंजरा विकत घेण्याआधी शिकावे लागते.

याबद्दल आडपडद्याने लिहिणे मला योग्य वाटत नाही. तरटाच्या पिशवीचे तोंड पिंजऱ्याच्या दाराशी घट्ट धरतात आणि दार उघडतात. समोर अंधार दिसला की खार त्यात धावते. पिशवी गुंडाळत तिला एका कोपऱ्यात आणतात, डोके कुठे आहे ते कापडावरून चाचपतात आणि डोक्यावर एकच जोरदार फटका मारतात. दुसरी मान्य पद्धत म्हणजे पिंजऱ्याच्या जाळीतून डोक्यात छऱ्याच्या बंदुकीची गोळी. दोन्हींत हात स्थिर हवा आणि आधी कुणा जाणत्याजवळ उभे राहून शिकलेले हवे. पाण्यात बुडवणे बेकायदा आहे. पिंजऱ्यात आलेला प्राणी माणसाच्या ताब्यातला ठरतो आणि त्याला २००६ चा प्राणिकल्याण कायदा लागू होतो. २०१० मध्ये बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या एका रहिवाशाने पकडलेली खार पाण्याच्या पिंपात बुडवली, तेव्हा त्याच्यावर खटला होऊन तो दोषी ठरला आणि त्याला खटल्याचा खर्च भरावा लागला होता. नुकसान करणाऱ्या प्राण्यालाही वेदनेपासून संरक्षण आहे, हे त्या निकालाने सामान्य माणसापर्यंत पोचले.

आता मारणारे चाप. त्यांचे आकर्षण समजण्यासारखे आहे: खार ताटकळत नाही, आणि माणसालाही स्वतःच्या हाताने मारावे लागत नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे ब्रिटनमध्ये मंजूर यादीतलाच चाप, त्या यादीतल्या अटींवर वापरता येतो. दातेरी जबड्यांच्या जुन्या जिन सापळ्यावर इंग्लंड-वेल्समध्ये १९५८ मध्ये बंदी आली ती याच कायद्याने. त्यानंतर फेन चाप रूढ झाला. तो जमिनीवर लाकडी किंवा जाळीच्या बोगद्यात मांडतात आणि मोठे प्राणी आत शिरू नयेत म्हणून बोगद्याची तोंडे काड्यांनी अरुंद करतात. कॅनडातून आलेला कानिया हा पेटीसारखा चाप झाडाच्या खोडावर बसवतात. खार खालून डोके आत घालते आणि पट्टी मानेवर बसते. न्यूझीलंडच्या निसर्गसंरक्षण खात्याने विकसित केलेले डॉक चाप पेटीत बसवून वापरतात. ते जड आणि जोरकस असतात. न्यूझीलंडचाच गुडनेचर चाप गॅसच्या छोट्या सिलिंडरवर चालतो, वार करतो आणि स्वतःच पुन्हा सज्ज होतो. मेलेली खार खाली पडते आणि बहुधा रात्री कोल्हा नेतो.

यांपैकी फेनबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. युरोप, कॅनडा आणि रशिया यांच्यात सापळ्यांच्या मानवीयतेचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात १९ जातींची यादी आहे. स्टोट हा मुंगसासारखा लहान शिकारी त्या यादीत आहे. फेन चाप स्टोटला पुरेशा वेगाने मारत नाही म्हणून १ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये स्टोटसाठी तो बंद झाला. करडी खार त्या यादीत नाही, त्यामुळे तिच्यासाठी तोच फेन आजही कायदेशीर आहे. स्टोटला जो चाप क्रूर, तो त्याच्याहून बहुधा वजनदार असलेल्या खारीला सौम्य कसा ठरेल? कायदा परवानगी देतो म्हणून फेन वापरत राहणे मला पटत नाही. मारणारा चाप वापरायचाच असेल, तर डॉक किंवा गुडनेचर निवडावा.

मारणाऱ्या कोणत्याही चापाची मोठी अडचण निवडीची आहे. पिंजऱ्यात चुकून आलेला प्राणी सोडता येतो, चापात आलेला नाही. म्हणून तांबड्या खारी जिथे आहेत तिथे मारणारा चाप लावायचाच नाही. या नियमाला अलीकडे आणखी एक कारण मिळाले आहे, ते पाइन मार्टेनचे. मांजराएवढा, झाडावर सराईतपणे चढणारा हा शिकारी एकेकाळी ब्रिटनभर होता, नंतर जवळपास स्कॉटलंडपुरता उरला. आयर्लंडमध्ये आणि मग स्कॉटलंडमध्ये झालेल्या अभ्यासांत असे दिसले, की मार्टेन वाढले तिथे करड्या खारी घटल्या आणि तांबड्या परतल्या. तांबडी खार हलकी आणि मार्टेनशी हजारो वर्षे जुळवून घेतलेली आहे. करडी जमिनीवर जास्त वेळ घालवते आणि तिला या शत्रूची ओळख नाही. २०१५ पासून व्हिन्सेंट वाइल्डलाइफ ट्रस्टने स्कॉटलंडहून ५१ मार्टेन वेल्समध्ये आणले, २०१९ पासून इंग्लंडच्या फॉरेस्ट ऑफ डीनमध्येही सोडले गेले. खोडावर टांगलेल्या चापाकडे मार्टेनही चढतो. जो प्राणी करड्या खारींविरुद्ध फुकट आणि वर्षभर काम करतो, त्यालाच आपल्या सापळ्यात मारणे यापेक्षा मोठे नुकसान नाही. मार्टेन आलेल्या किंवा येऊ घातलेल्या प्रत्येक वनातून मारणारे चाप काढून घ्यावेत आणि पिंजऱ्यांवर यावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सापळा कोणता, यावर इतकी चर्चा होते. केव्हा लावायचा, यावर फार कमी. खरा फरक तिथे पडतो. सालीचे नुकसान मुख्यतः एप्रिलअखेरपासून जुलैपर्यंत होते. खार साल का खाते यावर एकमत नाही. काही संशोधक म्हणतात की पिलांना पाजणाऱ्या माद्यांना कॅल्शियम कमी पडते आणि ते त्या सालीतून मिळवतात. काहींच्या मते तरुण खारींच्या दाटीत वाढलेली चढाओढ हे मूळ कारण आहे. हेक्टरी पाचापेक्षा जास्त खारी झाल्या की नुकसानीचा धोका वाढतो, एवढे मात्र वनखात्याचे जुने निरीक्षण आहे. शरद ऋतूत ओकफळे आणि बीचच्या बिया भरपूर असतात, तेव्हा मक्याकडे कोण बघतो? वसंतात साठा संपलेला असतो आणि पिंजऱ्यातला मका मोलाचा ठरतो. शरदात रिकामे केलेले वन उन्हाळ्यापर्यंत पुन्हा भरते, कारण मोकळी जागा दिसली की शेजारच्या खारी काही आठवड्यांत येऊन बसतात. म्हणून एप्रिल ते जुलै हीच सापळ्यांची वेळ, आणि त्यातही एकदा पकडून थांबायचे नाही. काही आठवड्यांनी पुन्हा फेरी करायची. याची कडू बाजूही आहे. याच महिन्यांत माद्यांची पिले घरट्यात असतात. पाजणारी मादी पिंजऱ्यात मेली की तिची पिले वर उपाशी मरतात, आणि ती कुणाला दिसत नाहीत. हंगामाची सुरुवात लवकर केली, तर उन्हाळ्यातल्या दुसऱ्या विणीपूर्वीच बऱ्याच माद्या पकडल्या जातात. त्याने ही हानी कमी होते, संपत नाही.

वेळेइतकेच महत्त्वाचे शेजारी. एकट्या मालकाने आपले दहा हेक्टर साफ करावे आणि पलीकडच्या इस्टेटीवर खारींना हिवाळाभर खाद्य मिळावे, असे असेल तर त्याचे काम दरवर्षी पाण्यात जाते. अँगलसी बेटाचे उदाहरण याच्या उलट आहे आणि म्हणूनच तिकडे साऱ्यांचे लक्ष लागते. वेल्सच्या वायव्येला असलेल्या या सातशे चौरस किलोमीटरच्या बेटावर १९९८ च्या सुमारास तांबड्या खारी चाळीसच उरल्या होत्या. एस्मे कर्बी या निसर्गरक्षणातल्या जुन्या कार्यकर्तीने मोहीम सुरू केली. क्रेग शटलवर्थ यांनी ती पुढे नेली. पिंजरे घेऊन माणसे वनामागून वन, मालकामागून मालक असे बेटभर फिरली. पंधरा वर्षांनी बेट करड्या खारींपासून मुक्त झाले आणि तांबड्या सातशेवर गेल्या. समुद्राची मेनाई सामुद्रधुनी मध्ये होती हे खरे, पण तिच्यावर पूल आहेत आणि करडी खार पोहतेही. म्हणून पाळत आजही चालू आहे. पलीकडच्या किनाऱ्यावर, बँगोरजवळ, २०२० मध्ये पुन्हा स्क्विरलपॉक्स उठला आणि तिथल्या बहुतेक तांबड्या खारी गेल्या. करडी खार जवळपास उरली की काय होते, हे तिथे दिसले.

लवकर हात घातला तर काय होते, ते बेल्जियममध्ये दिसले. तिथल्या डाडिझेले गावच्या उद्यानात आशियाई पॅलास खारी पसरू लागल्या, तेव्हा २००५ मध्येच पिंजरे लावले गेले आणि अडीचशेच्या आसपास खारी पकडून वस्ती संपवली गेली. इटलीत मात्र १९९७ मध्ये तुरीनजवळची करड्या खारी हटवण्याची चाचणी मोहीम प्राणिहक्क संघटनांच्या खटल्याने थांबली. ती चालवणारे शास्त्रज्ञ शेवटी २००० मध्ये निर्दोष सुटले, पण त्या तीन वर्षांत करड्या खारी जिथे रोखता आल्या असत्या तिथून पुढे निघून गेल्या. खटला करणाऱ्यांचा कळवळा खरा होता. लोकांना आधी सांगितले गेले नाही, विश्वासात घेतले गेले नाही, हीही तितकीच खरी गोष्ट आहे. उशिरामुळे नंतर कितीतरी जास्त जनावरे मारावी लागतात, हे कुणीतरी तेव्हा समजावायला हवे होते.

मारण्याला पर्याय म्हणून गर्भनिरोधक आमिषावर ब्रिटनमध्ये सरकारी प्रयोगशाळेत काम चालू आहे. यूके स्क्विरल अकॉर्ड या संस्थांच्या संघाने त्यासाठी पैसा उभा केला. आमिष ठेवण्याच्या पेटीचे दार वजनाने उघडेल अशी योजना आहे. जड करडी खार आत जाईल, हलकी तांबडी जाणार नाही. हे यशस्वी व्हावे अशी मनापासून इच्छा आहे. पण आज वनात लावण्याजोगे ते नाही, आणि झाले तरी आधी संख्या खाली आणण्यासाठी पिंजरे लागतीलच.

लंडन आणि लेस्टरच्या बागांत शेंगदाणे घालणाऱ्या मराठी घरांना एक सांगावेसे वाटते. ती खार लहान मुलांना आवडते, त्यात गैर काही नाही. पण हिवाळ्यातले ते खाद्य तिची पुढली वीण वाढवते. आणि कोकणातल्या बागायतदारांनी यातून सापळ्याची कल्पना उचलू नये. नारळ-सुपारीचे नुकसान करणारा शेकरू इथला मूळ रहिवासी आहे, राज्यप्राणी आहे, कायद्याने संरक्षित आहे. त्याचा प्रश्न नुकसानभरपाईने आणि बागांच्या राखणीने सोडवायचा आहे.

ब्रिटनमध्ये करडी खार पकडायला परवाना लागत नाही. कोणीही दुकानातून पिंजरा आणू शकतो आणि खार मारण्याचे शिक्षण मात्र कोणी सक्तीने देत नाही. ही उणीव भरून काढायला हवी. इंग्लंडमध्ये २०५० पर्यंत झाडांखालचे क्षेत्र १६.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. तेव्हा लाखो नवी झाडे येत्या दशकांत नेमकी त्या धोक्याच्या वयात शिरतील. सरकारने खार-नियंत्रणाचे अनुदान एकेकट्या मालकाला देण्याऐवजी लागून असलेल्या वनांच्या गटाला द्यावे, ते वसंतातल्या कामासाठी द्यावे, आणि सापळा लावणाऱ्या प्रत्येकाला आधी प्रशिक्षण सक्तीचे करावे.